बारा हजार वळकट्या आणि एक मूठ मीठ

समजा, तुमच्यासमोर द्राक्षाचं एक कोवळं पान ठेवलं आहे. तळहातापेक्षा लहान, मे महिन्यात खुडलेलं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं आणि आता धुऊन निथळलेलं. शिरांची खरखरीत बाजू वर, गुळगुळीत बाजू खाली. देठाच्या कडेला सारण ठेवा: खिमा, तांदूळ, कांदा, टोमॅटो, थोडं जिरं. किती ठेवायचं? वाटाण्याचे तीन दाणे मावतील तेवढ्या जागेत बसेल इतकंच. खालची कड त्यावर घ्या, डावी बाजू आत दुमडा, उजवी आत दुमडा आणि बोटांनी पुढे लोटत न्या. घट्ट नको, कारण तांदूळ शिजून फुगायचा आहे. सैलही नको, डेगेत सुटून जाईल. झाली वळकटी? आता बोटातली लग्नाची अंगठी काढा आणि ती वळकटी अंगठीतून पार करा. अडकली तर उलगडा आणि पुन्हा वळा. सरळ गेली तर थाळ्यात ठेवा.

एक झाली. अकरा हजार नऊशे नव्याण्णव राहिल्या.

आणि हो, सारण चाखायचं नाही. बोट चाटायचं नाही. ऑगस्टच्या एक तारखेपासून चौदा तारखेपर्यंत उपास असतो. मांस नाही, दूध नाही, चीज नाही, अंडं नाही. पंधराला देवमातेचा सण, त्या दिवशी सगळं बेट एका आवारात जेवतं आणि ते जेवण चौदा दिवस मांस तोंडात न घातलेली माणसं करतात. मीठ बरोबर पडलं की नाही हे जिभेला विचारता येत नाही. ते हातालाच कळावं लागतं.

कासोस बेटावर ज्या हाताला हे चोवीस वर्षं कळत आलं आहे तो हात सेवास्ती मानूसूचा.

सेवास्ती अठ्ठावन्न वर्षांची. धंदा शिवणकामाचा. बेटावरच्या निम्म्या घरांचे पडदे तिने शिवले आहेत, नवऱ्या मुलींचे झगे कमी-जास्त केले आहेत आणि कोळ्यांच्या होड्यांवरची ताडपत्रीसुद्धा तिच्याच मशिनीखालून गेलेली आहे. नवरा तेलवाहू जहाजावर दुय्यम इंजिनियर, वर्षातून तीन महिने घरी. लग्नाची अंगठी त्यानेच परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून आणली होती. तो घरी असला की पाहुण्यांना सांगतो, "मी हिला प्रेमानं अंगठी दिली, हिनं तिचं माप केलं."

मापाच्या बाबतीत सेवास्ती कोणाचं ऐकत नाही. कासोसचे दोलमादे, म्हणजे या पानांच्या वळकट्या, करंगळीच्या पेरापेक्षा जाड असत नाहीत, विषय संपला. शेजारच्या कार्पाथोस बेटावर अंगठ्याएवढे वळतात. "त्याला आम्ही उशी म्हणतो," ती म्हणते. कार्पाथोसचं कोणी समोर असेल तर जरा मोठ्यानं म्हणते.

पानांच्या टेबलाची प्रमुख ती झाली चौतिसाव्या वर्षी. आधीच्या प्रमुख म्हातारीचे हात थरथरायला लागले होते. त्या वर्षी म्हातारीने मिठाची पिशवी सेवास्तीच्या पुढ्यात ठेवली आणि काही न सांगता बाहेर जाऊन बसली. हे मीठ दुकानातलं नसतं. किनाऱ्याच्या खडकांत खळगे असतात, त्यांत समुद्राचं पाणी साठतं आणि उन्हाळ्यात आटून जाड खडे मागे राहतात. चमच्याने मोजावं असं ते मीठ नाही. सेवास्तीने मूठ भरली, थोडं परत पिशवीत सांडलं, बाकीचं परातीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पंगतीत म्हातारीने तीन वळकट्या मुकाट्याने खाल्ल्या आणि चौथी मागितली. सेवास्तीला एवढंच प्रमाणपत्र मिळालं आणि तेवढं तिला आजवर पुरलं.

यंदा मात्र बारा तारखेला बोट आली आणि परत गेली.

कासोसच्या धक्क्याला आडोसा नाही. ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला की मोठी बोट बंदराच्या तोंडापर्यंत येते, थोडी घुटमळते, भोंगा देते आणि कार्पाथोसकडे निघून जाते. त्या बोटीत पिरेउसहून आणि रोड्सहून सणासाठी येणाऱ्या चौदा बायका होत्या, दरवर्षी सेवास्तीच्या टेबलावर बसणाऱ्या. त्यांत तिची मुलगी एव्हगेनियाही होती.

सेवास्ती गच्चीवरून बोट बघत होती. फोन वाजला.

"आई, मला आपलं घर दिसतंय गं! गच्चीवर निळी चादर वाळत घातलीयेस ना?"

"अगं बाई, ती आत घ्यायची राहिलीच. वारा नेईल."

"मग घे ना! मी इथून कशी घेऊ?"

"कप्तानाला विचार, अजून एकदा प्रयत्न करतो का."

"विचारलं. तो म्हणाला, तुमच्या आईला सांगा, समुद्र शिवून आणता येत असेल तर थांबतो."

बोट वळली. सेवास्तीने चादर काढली, तिची घडी घातली आणि ती उराशी धरून बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

तेरा तारखेला दुपारी चर्चच्या आवारातल्या स्वयंपाकाच्या खोलीत लांब टेबलापाशी वीस खुर्च्या होत्या आणि सहा बायका. सणाची सगळी व्यवस्था लेफ्तेरिस बघतो. पुलावाच्या डेगा त्याच्याच हाताखाली असतात. त्याने दारातून बायका मोजल्या, मग थाळे मोजले आणि डोकं खाजवलं.

"सेवास्तीताई, हिशेब सांगतो. ताटात अठरा. माणसं साडेसहाशेच्या वर. म्हणजे बारा हजार. तुमची सगळ्यात चपळ बाई तासाला सव्वाशे वळते. सहाजणी. आजची दुपार आणि उद्या सांजप्रार्थनेची घंटा होईपर्यंत. मध्ये झोपायचं, जेवायचं. आठ हजारच होतात."

"बरं."

"बरं काय? यंदा जरा जाड वळा. ताटात बारा ठेवू. पोटात गेल्यावर कोणी अंगठी घेऊन बसणार आहे का?"

सेवास्तीने हातातली वळकटी पुरी केली. अंगठीतून काढली. थाळ्यात ठेवली.

"लेफ्तेरिस, तू पुलावात तांदळाऐवजी शेवया घालशील का?"

"भलतंच काय!"

"पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

टेबलाच्या टोकाला मारिगो बसली होती, सेवास्तीची नणंद. वय बहात्तर, अंगात काळा झगा, आणि तिच्या नजरेतून काहीच निसटत नाही. ती म्हणाली, "ती ऐकायची नाही, लेफ्तेरिस. तीस वर्षं मी सांगतेय, माझं कधी ऐकलं? परवा तर हिनं उपासाच्या दिवसांत कॉफीत दूध घातलं."

"वन्सं, तो बदामाचा रस होता."

"दिसायला दूधच होतं. माणसानं दिसण्यालाही जपावं."

लेफ्तेरिस हात झटकत गेला. सेवास्तीने आणखी दहा वळकट्या वळल्या. मग ती उठली, एका थाळीत मूठभर पानं आणि थोडं सारण घेतलं आणि चप्पल पायात घालून बंदराकडे उतरायला लागली.

बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात त्या वेळी आठ-नऊ निवृत्त खलाशी बसलेले होते. वाऱ्यामुळे होड्या बांधून ठेवलेल्या, त्यामुळे सकाळपासून तेच ते पत्ते आणि तीच ती भांडणं. सेवास्तीने त्यांच्या पत्त्यांवरच थाळी ठेवली. शेजारी अंगठी काढून ठेवली.

"गाठ कोणाकोणाला मारता येते?"

सगळे हसले. मिनास सगळ्यात मोठ्यानं हसला. मिनास सत्तरीचा, अडतीस वर्षं समुद्रावर, त्यांतली वीस सारंग म्हणून. दोरखंडाचा पीळ उलगडून दोन टोकं एकमेकांत गुंफायची तर अजून त्यालाच बोलावतात.

"पोरी, गाठ कोणाला मारता येत नाही ते विचार."

"मग ही वळून दाखव. या अंगठीतून जायला हवी."

"माझी करंगळीच जात नाही तुझ्या अंगठीतून!"

"करंगळी घालू नकोस, मिनासदादा. वळकटी घाल."

ही बायकांची कामं, असं कोणीतरी मागून पुटपुटलं. सेवास्तीने मान वळवली. "जहाजावर तुमची बटणं कोण लावत होतं? तुमची आई पोहत येत होती का?"

मिनासने पान उचललं. पहिली वळकटी अडकली. दुसरी अडकली. तिसरी गेली. त्याने ती दोन बोटांत धरून सगळ्या दुकानाला दाखवली, आणि मग बाकीच्यांना बसून राहणं शक्यच नव्हतं. चौघं तिच्यामागून चढण चढले. त्यांतल्या एकाची कंबर वीस मिनिटांत धरली आणि तो परत पत्त्यांकडे गेला. तिघं राहिले.

सुरुवातीला त्यांच्या वळकट्या दगडासारख्या घट्ट होत होत्या. हात खलाशाचा, गाठ सुटता कामा नये हीच सवय. सेवास्तीने मिनासच्या चाळीस वळकट्या उलगडून टाकल्या.

"दादा, ही काय नांगराला बांधायचीय? तांदळाला श्वास घेऊ दे."

"तांदळाला श्वास," मिनास पुटपुटला. "सारंगानं अडतीस वर्षं कोणाला श्वास घेऊ दिला नाही." पण त्यापुढच्या त्याच्या वळकट्या सुधारल्या. तिघांनाही बायकांइतका वेग नव्हता, पण पाठ मोडेपर्यंत बसायची ताकद होती. जहाजावर चार-चार तासांचे पहारे केलेली माणसं ती. संध्याकाळच्या जेवणात कडक पाव पाण्यात भिजवून, वर टोमॅटो आणि ऑलिव्ह. जेवतानाही मिनास अंगठ्यावरचा हिरवा डाग न्याहाळत होता. रात्री मोजले तेव्हा साडेपाच हजार झाले होते.

खरी गोष्ट घडली चौदा तारखेला सकाळी.

सारण एकदम कालवत नाहीत, उन्हाळ्यात टिकत नाही. पहिली परात तेराला संपली. दुसरी चौदाच्या सकाळी भरली. पंगतीसाठी वेगळे काढलेले तुकडे सोडले तर बेटावरचं उरलंसुरलं सगळं मांस त्या परातीत होतं. बोट आलीच नव्हती, त्यामुळे खाटकाच्या दुकानात आता नुसते आकडे लटकत होते. सेवास्ती परातीजवळ उभी राहिली, मिठाची पिशवी शेजारी घेतली आणि तेवढ्यात फोन वाजला.

एव्हगेनिया होती, कार्पाथोसच्या धक्क्यावरून. "आई, वारा उतरतोय म्हणतात. उद्या सकाळची बोट लागेल बहुतेक."

खोलीत आवाज तुटत होता म्हणून सेवास्ती अंगणात गेली. पाच मिनिटं बोलली. परत आली, बाह्या वर केल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत घातले आणि सारण कालवलं. सगळ्यांना वाटून दिलं.

अकराच्या सुमाराला मिनासने वळता वळता सहज विचारलं, "मीठ पुरेसं झालं ना गं? नाही, मी मूठभर टाकलंय."

"कशात टाकलंस?"

"परातीत. तू फोनवर होतीस ना. जहाजावर आमच्याकडे नियम होता, जो भांड्याजवळ उभा त्यानं मीठ टाकायचं. नाहीतर आचारी विसरतो आणि खलाशी शिव्या घालतात."

टेबलावरचे सगळे हात थांबले. आत्तापर्यंत त्या परातीतल्या दीड हजार वळकट्या थाळ्यांत होत्या आणि पाच हजारांचं सारण अजून बाकी होतं.

"तू टाकलं होतंस ना, सेवास्ती?" मारिगोने विचारलं.

सेवास्तीने डोळे मिटले. पिशवीचं तोंड तिला दिसत होतं. जाड खड्यांचा खरखरीतपणा तळहाताला जाणवत होता. थोडं मीठ परत सांडल्याचा आवाजही ऐकू येत होता. पण हे आजचं होतं की कालचं? की गेल्या वर्षीचं? चोवीस वर्षं ती हेच करत आली होती आणि सगळी वर्षं एकात एक मिसळून गेली होती.

"टाकलं असणार," ती म्हणाली.

"असणार म्हणजे?"

"म्हणजे मला आठवत नाही, वन्सं."

हे वाक्य तिच्या तोंडून त्या खोलीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. तिने टाकलं असेल आणि त्यावर मिनासची मूठ पडली असेल, तर बारा हजारांतले निम्मे दोलमादे समुद्राच्या पाण्यासारखे खारट. उद्या साडेसहाशे माणसं पहिला घास घेणार आणि चौदा दिवसांच्या उपासानंतर तोंड वाकडं करणार. मांस दुसरं आणायला नाही. सगळं टाकून द्यायचं म्हटलं तर ताटात अठराच्या जागी जेमतेम आठ.

मिनासचा चेहरा पडला होता. "मी टाकलं, मीच चाखतो. पाप माझं."

"तुझी जीभ? पन्नास वर्षं पाइप ओढून ओढून तिचं चामडं झालंय. तुला साखर दिली तरी खारट म्हणशील."

लेफ्तेरिस धावत आला. "कोणीतरी चाखा की! एक वळकटी, एकच!"

"तू चाख," मारिगो म्हणाली.

"मी? देवमातेच्या दारात, सणाच्या आदल्या दिवशी? माझ्या बापानं सोळा वर्षं या डेगांजवळ..." सगळ्यांनी खाली बघितलं. उद्या ज्या देवमातेचा सण तिच्याच अंगणात आज तिचा उपास मोडायचा, हे कोणालाही जमणारं नव्हतं.

मग लेफ्तेरिसलाच सुचलं. "तो सायकलवाला! परदेशी माणूस. त्याला कुठला उपास?"

एक डच तरुण सायकल घेऊन बेटं फिरत होता आणि बोट न लागल्यामुळे मंगळवारपासून बंदराजवळ तंबू ठोकून अडकला होता. छोट्या पातेल्यात वीस वळकट्या शिजवल्या, वर बशी उपडी दाबून ठेवली, आणि पाऊण तासाने त्याला आणून टेबलाच्या मधोमध बसवलं. दहा माणसं त्याच्या जबड्याकडे बघत होती.

त्याने एक तोंडात टाकली. "छान! फार छान!"

"खारट आहे का?" सेवास्तीने विचारलं. खाणाखुणांनी समुद्र दाखवला.

"हो! छान!"

"अळणी आहे का?" लेफ्तेरिसने विचारलं.

"छान!"

त्याने दुसरी घेतली, तिसरी घेतली. अकरा खाऊन झाल्यावर त्याने छातीवर हात ठेवला आणि कुठल्या कुठल्या बेटांवर आपण काय काय खाल्लं ते सांगायला लागला. सगळं छान होतं.

"याला तंबूची कनात उकडून दिली तरी छानच म्हणेल," मारिगो म्हणाली. "न्या त्याला बाहेर. दार लोटा."

दार लोटलं गेलं. मारिगो उठली, पातेल्याजवळ गेली, दोन बोटांनी एक वळकटी उचलली आणि सरळ तोंडात टाकली.

"वन्सं!" सेवास्ती किंचाळलीच.

मारिगो चावत राहिली. "ओरडू नकोस. डॉक्टरनं जूनमध्येच सांगितलंय, साखरेच्या आजाराच्या गोळ्या खातेस, उपास करशील तर चक्कर येऊन पडशील. पाद्रीबुवांनाही विचारलं. ते म्हणाले, खा. एक तारखेपासून आजवर चार वेळा कोंबडी खाल्लीय मी."

"आणि परवा माझ्या कॉफीवरून..."

"बोलले. सवय आहे." तिने दुसरी उचलली. आता ती डोळे मिटून चावत होती. मिनासने टोपी काढून हातात घेतली होती.

मारिगोने गिळलं आणि ओठ पुसले.

"मीठ बरोबर आहे."

"नक्की?" सेवास्तीने विचारलं. "माझ्या समाधानासाठी सांगू नका."

"सेवास्ती, तू आमच्या घरात आलीस त्याला तीस वर्षं झाली. तुझा एक तरी पदार्थ बरोबर झालाय असं मी कधी म्हटलंय?"

"नाही."

"मग आता म्हणतेय, तर ऐक आणि वळायला बस."

सगळी खोली हसली. सेवास्ती हसता हसता खुर्चीत बसली आणि तिने पुढ्यातलं पान हातात घेतलं. लेफ्तेरिसने पुलावाच्या कांद्याला दुसरी माणसं लावली आणि स्वतः टेबलाशी बसला. त्याच्या पहिल्या पाच वळकट्या अंगठीत अडकल्या. त्याने त्या उलगडल्या आणि पुन्हा वळल्या. सांजप्रार्थनेची घंटा व्हायला वीस मिनिटं असताना शेवटचा थाळा भरला. बारा हजार आणि वर साठ. एकही उशी नाही.

पंधराच्या पहाटे डेगांच्या तळाशी बरगड्यांची हाडं अंथरली, त्यावर वळकट्या गोल गोल रचल्या आणि वर जड ताटं दाबली. सात वाजता बोट लागली. एव्हगेनिया समुद्रामुळे हिरवी-पिवळी होऊन उतरली, तोंड धुतलं आणि सरळ ताटं वाढायला उभी राहिली. देवमातेची तसबीर मिरवून झाली, तीन तारांची लिरा वाजायला लागली आणि पंगती बसल्या. प्रत्येक ताटात पुलाव, मांस, बटाटे आणि अठरा दोलमादे, तीन ओळींत सहा सहा.

कार्पाथोसहून त्याच बोटीने आलेले पाहुणे एका टेबलावर होते. लेफ्तेरिस त्यांच्याकडे गेला, एका ताटातली वळकटी उचलली आणि सेवास्तीकडे हात पसरला. तिने अंगठी काढून दिली. वळकटी शिजून फुगलेली असूनही अंगठीतून गेली. कार्पाथोसचा म्हातारा म्हणाला, "हे खायचं की माळेत ओवायचं?" आणि पुढच्या पाच मिनिटांत ताट रिकामं करून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सेवास्तीने ते बघितलं, दिसू न देता.

पलीकडे खलाशांचं टेबल होतं. तिघांनी इस्त्रीचे पांढरे शर्ट घातले होते आणि अंगठ्यांवरचे हिरवे डाग मुद्दाम धुतले नव्हते. "तांदळाला श्वास घेऊ द्यावा लागतो," मिनास कोणाला तरी समजावत होता. "हे तुम्हाला कोणी सांगणार नाही."

एव्हगेनिया आईशेजारी येऊन बसली. तिने पहिला घास घेतला. "मीठ नेहमीसारखंच. तुझ्या हातचं लगेच कळतं."

सेवास्तीला त्या वाक्याने आनंद व्हायला हवा होता. झालाही. सगळं बेट जेवत होतं, कोणी ताट परत पाठवलेलं नव्हतं, माप राखलं होतं. पण घास तोंडात घोळवताना तिचं डोकं शिवणाच्या उसवलेल्या टोकासारखं पुन्हा पुन्हा त्या परातीपाशी जात होतं. परातीत मीठ एकदाच पडलं होतं, हे आता जिभेला कळत होतं. मग कोणाच्या हातून?

ती उठून खलाशांच्या टेबलापाशी गेली. "मिनासदादा, तू खरंच टाकलं होतंस?"

"टाकलं होतं. संत निकोलसची शपथ."

"परातीत? दुसरीकडे कुठे नाही?"

"परातीत. आणि मिसळलंही जरासं, बोटांनी."

म्हणजे ती विसरली होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि जे माप तिला आधीच्या म्हातारीकडून न बोलता मिळालं, जे तिने कोणाला शिकवलं नाही कारण ते शिकवता येतं असं तिला वाटलंच नव्हतं, ते एका सारंगाच्या जाड मुठीत पहिल्याच फटक्याला बसलं होतं. किंवा मग मिनास सत्तर वर्षांचा आहे, परवाची गोष्ट कालची म्हणून सांगतो, आणि मीठ तिनेच टाकलं होतं.

सणानंतर आठवडाभराने बेट पुन्हा रिकामं झालं. एव्हगेनियाची बोट वेळेवर लागली आणि वेळेवर गेली. सेवास्ती मशिनीवर पडदे शिवायला बसली. एका दुपारी तिने शिवण अर्धवट टाकली, मिठाची पिशवी आणि स्वयंपाकघरातला तराजू घेतला आणि बंदरावर गेली. कॉफीच्या दुकानात मिनास एकटाच होता. तिने पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं.

"दादा, त्या सकाळी भरलीस तशीच मूठ भर. काही विचार करू नकोस, फक्त हात घाल. बघू दे मला, किती मीठ निघतं?"